मधल्या काकांची तीन वर्षं

"फॉर्म उद्या संध्याकाळपर्यंत गेला पाहिजे," भिंगरीनं तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा कुठं धाकट्या काकांनी पेपर खाली ठेवला.

रविवारची दुपार होती. जेवणं उरकली होती आणि टेबल पुसून त्यावर लॅपटॉप आला होता. आईनं सगळ्यांना मुद्दाम थांबवून घेतलं होतं. बाबा खुर्चीत बसून चष्मा पुसत होते. विमानदुरुस्तीच्या हँगरमधली नोकरी संपून चार वर्षं झाली, तरी समोरची कुठलीही वस्तू पुसायची त्यांची सवय गेली नव्हती. काकू खिडकीशी कुणाच्या तरी शर्टाला बटणं लावत होती. धाकटे काका परदेशात राहून आलेले, म्हणून फॉर्म भरायला त्यांना खास बोलावणं होतं.

दोन वर्षांपूर्वी भिंगरीची विमान कंपनी बंद पडली, तेव्हा तिच्या खात्यावर अकराशे तासांचं उड्डाण जमा होतं. इथं दुसरीकडे जागा नव्हत्या. बाहेरच्या कंपन्या परक्या देशाचा वैमानिक घेतात, पण व्हिसाची जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेणाऱ्या फार थोड्या. चाळीस ठिकाणांहून एकच उत्तर फिरून आलं होतं, की आमच्या देशात काम करण्याचा हक्क तुमच्याकडे आधीच असेल तरच अर्ज करा. एक्केचाळिसाव्या कंपनीनं बोलावलं. तिथं जाऊन ती सिम्युलेटरची परीक्षा देऊन आली, पास झाली. वैद्यकीय झालं, पोलिसांचा दाखला झाला, परवान्याची पडताळणी झाली. आता हा एक फॉर्म गेला की व्हिसा.

त्या एक्केचाळिसाव्या कंपनीचं नाव या घरात तेवीस वर्षं कुणी काढलं नव्हतं. मधल्या काकांची वैमानिक म्हणून निवड तिथंच झाली होती. रुजू व्हायला नऊ दिवस असताना ते समुद्रावर पोहायला गेले. खडकावर घडी केलेले कपडे आणि घड्याळ सापडलं. बाकी काही परत आलं नाही. भिंगरीनं तिथं अर्ज केला तो दुसरा इलाज नव्हता म्हणून, आणि तेव्हापासून त्यांची बायको, काकू, तिच्याशी जरा बेतानंच बोलत होती.

"मेल आलीये त्यांची," भिंगरी म्हणाली. "भरतीवाल्या बाईंची. रविवारी?"

"वाच की मोठ्यानं," आई म्हणाली.

भिंगरीनं आपल्या भाषेत सांगत सांगत वाचायला सुरुवात केली. "तुमचं आडनाव आणि कायमचा पत्ता आमच्या जुन्या नोंदीतल्या एका वैमानिकाशी जुळतो. हे गृहस्थ तुमचे नातेवाईक असल्यास नातं आणि त्यांचा सध्याचा ठावठिकाणा कळवावा. पूर्वी आमच्याकडे काम केलेल्या माणसाची शिफारस असेल तर व्हिसाचं काम लवकर..." ती थांबली.

"काम केलेल्या म्हणजे?" आई म्हणाली. "निवड झाली होती नुसती. रुजू कुठं झाले?"

"पुढं नोंद दिलीये. नाव काकांचं, जन्मतारीख काकांची, परवान्याचा नंबरही..." भिंगरीनं आकडे दोनदा पाहिले. "सहवैमानिक म्हणून रुजू. तीच तारीख, आई. ते गेल्यावर नऊ दिवसांनंतरची. तीन वर्षं दोन महिने नोकरी. उड्डाण दोन हजार चारशे तास. शेरा आहे. रेडिओवरचा आवाज अतिशय शांत आणि स्पष्ट."

बाबांचा चष्मा पुसणारा हात थांबला होता.

"चूक असेल," ते म्हणाले. "कॉम्प्युटरची."

"फोटोपण आहे."

भिंगरीनं फोटो उघडला. आधी कपाळ दिसलं, मग भुवया, मग हळूहळू सगळा चेहरा. भिंतीवर टांगलेल्या फोटोतलं नाक, तेच कान, तोच भांग. फक्त डोळ्यांखाली काळं आलं होतं आणि कानाशी दोन-चार केस पांढरे होते. मधले काका एकतिसाव्या वर्षी गेले. गेलेला माणूस आहे त्याच वयाचा राहतो. हा माणूस पुढं गेला होता.

"अगं बाई," आई म्हणाली आणि तिनं लॅपटॉप अर्धा मिटला, झोपलेल्याच्या तोंडावर पांघरूण घालावं तसा.

"उघडा तो, ताई," खिडकीतून काकू म्हणाली. "मला बघू द्या."

*

काकू उठली तेव्हा तिच्या मांडीवरची बटणं जमिनीवर घरंगळली. तिनं ती उचलली नाहीत.

हे जाऊन दुसरं वर्ष चालू होतं तेव्हाची गोष्ट. समोरच्या बिल्डिंगमधल्या एक बाई परदेशातून फिरून आल्या आणि जिन्यात तिला अडवून म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांना पाहिलं हो विमानतळावर. गणवेशात होते. छातीवर नावाची पट्टी होती, मी वाचली. हाक मारली तर वळून पाहिलं आणि भराभरा निघून गेले." त्या दिवशी काकू हसली होती, रडली होती, आणि संध्याकाळपर्यंत बॅग भरून दाराशी बसली होती. मग सगळ्यांनी तिला समजावलं. त्या बाईंची नजर अधू होती, असं निघालं. थोरली जाऊ, ताई, हॉस्पिटलात नर्स, तिच्या ओळखीचे डॉक्टर होते. गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी बॅग रिकामी झाली, जिभेला जडपणा आला, आणि काकू शहाण्यासारखं म्हणायला शिकली, "मला भास व्हायचा." इतक्या वेळा म्हणाली की तिचं तिलाही ते खरं वाटायला लागलं.

आता ती स्क्रीनसमोर उभी राहिली. पहिल्यांदा छातीत एकच शब्द धडधडला, बघितलंत? बघितलंत ना? मी सांगत होते ना?

मग तिची नजर चेहऱ्यावरून खाली उतरली. तीस वर्षं गणवेश शिवणाऱ्या बाईची नजर ती, चेहऱ्यावर फार वेळ टिकत नाही.

"मोठं करता येतं का गं हे?"

भिंगरीनं फोटो मोठा केला.

"हे नाहीत," काकू म्हणाली.

"काकू, अगं तेच—"

"हे नाहीत म्हणते ना. शर्ट त्यांचाच आहे. मी शिवलेला. रुजू व्हायला जाताना घालणार म्हणून शिवला होता." तिनं स्क्रीनवर बोट टेकवलं. "त्यांचा डावा खांदा उतरता होता. म्हणून ही डावी खांद्यावरची पट्टी मी अर्धा इंच आत घेतली होती. त्यांच्या अंगावर दोन्ही बाजू सारख्या दिसायच्या. इथं बघ, डावी वर चढलीये. ज्यानं घातलाय त्याचे दोन्ही खांदे सरळ आहेत."

काकू सावकाश वळली.

"तो शर्ट त्यांच्या बॅगेत घडी करून ठेवला होता मी. ते गेल्यावर बॅगच दिसेना. मी विचारलं, तर म्हणालात, तुला त्रास नको म्हणून देऊन टाकली." मग ती एकदम हलक्या आवाजात, मोजमाप घेताना गिऱ्हाइकाला म्हणावं तसं म्हणाली, "भाऊजी, जरा सरळ उभे राहा."

धाकटे काका उठले. आणि सरळ उभे राहिले.

*

उभं राहिल्यावर त्यांना पहिल्यांदा हायसं वाटलं. वीस वर्षं पोक काढून चालण्याचा त्यांना कंटाळा आला होता.

"बसून बोलू का?" त्यांनी विचारलं.

"उभ्यानंच बोला," काकू म्हणाली.

"माझ्याकडे परवाना होता, वहिनी. तास होते दोनशे. दोनशे तासांच्या पोराला कोण विचारतं? आणि दादांच्या कपाटात मधल्याचं सगळंच होतं, पंधराशे तासांची वही, पासपोर्ट, व्हिसा, तिकीट. पोलिसांत बेपत्ता म्हणून नोंद झाली, पण पोलीस काही विमान कंपनीला कळवत नाहीत. आम्ही दिसायचो सारखे. नऊ दिवस मी नुसता त्या तिकिटाकडे बघत होतो."

"आम्हाला सांगितलंत सामानाच्या विभागात नोकरी लागली," आई म्हणाली.

"हो. मी विमान उडवत होतो, वहिनी. बरं उडवत होतो. कुणाच्या केसाला धक्का लागला नाही." त्यांनी भिंगरीकडे पाहिलं. ती पाहत नव्हती. "पण सगळे त्याच्या नावानं हाक मारायचे. सकाळी त्याच्या नावानं सही, दुपारी त्याच्या नावानं घोषणा. सहा महिन्यांत असं झालं की माझ्या नावानं कुणी हाक मारली असती तर मी वळलो नसतो. भिंगरी, तुला ठाऊक आहे. टॉवरवाला सांगेल ते आपण जसंच्या तसं परत म्हणायचं असतं."

"हो," भिंगरी म्हणाली.

"दुसऱ्या वर्षी, समुद्रावरून जाताना, मी परत म्हटलं की एका क्षणानं कानात आणखी कुणीतरी तेच म्हणायचं. डाव्या कानात. मला वाटलं, हेडफोन बिघडला. बदलून घेतला. कॅप्टनला विचारलं, त्याला काही ऐकू येत नव्हतं. आवाज मधल्याचा होता. तो 'सात' म्हणताना जरा थांबायचा, आठवतं? शब्द पोटात गेल्यासारखा. तसाच."

बाबांनी डोळे मिटून घेतले.

"जमिनीवर आलो की बंद. पाणी लागलं की सुरू. मला सवय झाली. खोटं कशाला बोलू, बरंही वाटायचं. सोबत वाटायची. मग तिसऱ्या वर्षी तो माझ्या आधी बोलायला लागला. टॉवरवाल्याचं संपायच्या आत तो म्हणायचा, आणि मी त्याच्या मागून म्हणायचो, शाळेतल्यासारखा. आधी तो, मग मी." धाकट्या काकांनी ओठांवरून हात फिरवला. "शेवटच्या दिवशी टॉवरनं उंची सांगितली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात उत्तर गेलं. टॉवर म्हणाला, बरोबर आहे. कॅप्टननं माझ्याकडे बघून मान हलवली. वहिनी, मी ओठ हलवले नव्हते. रेडिओचं बटणही दाबलं नव्हतं. उतरेपर्यंत तासभर सगळं त्यानंच बोलून पार पाडलं. मी नुसता बसून होतो, त्याचा शर्ट घालून. उतरलो आणि राजीनामा दिला."

खालून कुणाच्या तरी स्कूटरचा आवाज आला आणि विरला. काकू कितीतरी वेळ त्यांच्याकडे पाहत होती.

"दमल्यासारखा होता का आवाज?" तिनं विचारलं.

"नाही. शांत होता."

"माझ्याबद्दल काही बोलले?"

धाकटे काका खोटं बोलू शकले असते. तिच्या चेहऱ्यावरून त्यांना दिसत होतं की या घटकेला कुठलंही खोटं चाललं असतं.

"नाही, वहिनी. नुसते आकडे. उंची, दिशा, वेग."

काकूनं मान डोलावली. "त्या विमानतळावर हाक मारली होती एका बाईनं. तेव्हा वळून कुणी पाहिलं होतं?"

"मीच."

"मग कळलं होतं तुम्हाला. मला वेडी ठरवलीये ते."

"दादांनी कळवलं होतं."

*

सगळ्यांनी आपल्याकडे पाहिलं, ते बाबांना डोळे न उघडताही कळलं. हँगरमध्ये एखादा बोल्ट जास्तीचा उरला की असंच व्हायचं. सगळं बसवून झालेलं असायचं आणि तळहातावर तो एक उरायचा.

"बॅग मीच दिली," ते म्हणाले. "कपाटाची किल्ली माझ्याकडे होती. घरातला एक गेला होता. म्हटलं, एक तरी उडू दे."

"तुम्हाला सगळं माहीत होतं?" आई उठली. तिचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "हिला गोळ्या मी दिल्या. अकरा वर्षं, माझ्या हातानं. नको म्हणायची तेव्हा तिचा जबडा धरून दिल्या. आणि तुम्ही शेजारी पाण्याचा पेला धरून उभे असायचात!"

"खरं सांगितलं असतं तर हा तुरुंगात गेला असता."

"म्हणून ती गेली!"

आई जाऊन काकूच्या शेजारी उभी राहिली. तिनं काकूचा हात धरायला हात पुढं केला, पण काकूनं तो घेतला नाही आणि झिडकारलाही नाही. दोघी जावा तशाच शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, फोटो काढायला उभ्या राहतात तशा.

"मला एक सांगा," भिंगरी इतक्या वेळानं बोलली. "या उत्तरात मी काय लिहू?"

जरा वेळ कुणालाच कळलं नाही, ती कशाबद्दल बोलतेय.

"मेलला उत्तर द्यायचंय. नात्यातले आहेत का, आणि सध्या कुठं आहेत."

"नात्यातले नाहीत म्हणून लिही," आई चटकन म्हणाली. आत्ताच नवऱ्यावर उखडलेली बाई, एका श्वासात त्याच्याकडे वळली. "अहो, सांगा ना तिला. एक आडनाव दहा जणांचं असतं."

"पत्ताही तोच आहे, आई."

"पूर्वी भाडेकरू होते म्हण. दोन वर्षं पोरगी वणवण करतेय! एका ओळीनं घालवायचं का सगळं?"

"भिंगरी," बाबा म्हणाले, "तुझी आई बरोबर बोलतेय."

"तुम्ही नका बोलू," भिंगरी म्हणाली. बाबांना तिनं जन्मात असं सुनावलं नव्हतं. ती धाकट्या काकांकडे वळली. "तुम्ही उडवलंत तेव्हा मागं किती माणसं बसलेली असायची?"

"दीडशेच्या आसपास."

"त्यांना वाटायचं, पुढं पंधराशे तासांचा माणूस बसलाय."



भिंगरीला उड्डाणापूर्वीची ती दहा मिनिटं आठवली, जेव्हा आपण कागदावर सही करतो आणि मागचे सगळे त्या सहीवर विसंबून डोळे मिटतात. या घराच्या सहीवर विसंबून कुणी डोळे मिटले असतील, या विचारानं तिनं हात कीबोर्डवरून उचलला. आणि तरीही तिला जायचं होतं. इतकं जायचं होतं की 'नाही' हा शब्द टाइप करून झाला होता. फक्त बटण दाबायचं राहिलं होतं.

"काकू," ती म्हणाली, "तू सांगशील ते लिहिते."

"माझ्यावर नको ढकलूस," काकू म्हणाली. "मला विचारून या घरात काही झालेलं नाही." ती खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसली. स्क्रीनवरचा तो शब्द तिनं वाचला. मग जरा थांबून म्हणाली, "तुला काय लिहायचं ते लिही. पण मला विचारशील तर हे वारलेत. तेवीस वर्षांत कुठल्याच कागदावर कुणी तसं लिहिलं नाही. मी ना धड सवाष्ण, ना धड विधवा. तारीख हवी असेल तर मी सांगते. रुजू होण्याच्या नऊ दिवस आधीची."

भिंगरीनं 'नाही' खोडलं. 'काका' असं लिहिलं. काकूनं तारीख सांगितली, वार सांगितला, वेळही सांगितली. भिंगरीनं तेवढं सगळं लिहिलं आणि खाली एक ओळ घातली, की त्या तारखेनंतर आपल्याकडे कामाला होते ते हे गृहस्थ नव्हेत.

"मग कोण, ते माझं नाव घाल," धाकटे काका म्हणाले. "स्पेलिंग मी सांगतो."

आईनं तोंडावर पदर धरला. बाबा उठून गॅलरीत गेले. साडेचार वाजता मेल गेली.

*

अकराव्या दिवशी भरतीवाल्या बाईंचा फोन आला. त्या सभ्य होत्या. म्हणाल्या, या परिस्थितीत कंपनी व्हिसाची जबाबदारी घेऊ शकत नाही. जुन्या नोंदीचं प्रकरण तिथल्या विमान खात्याकडे गेलंय, आपल्या काकांना पत्र येईल. मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, "एक विचारू? त्या फाइलमध्ये रेडिओची जुनी टेप आहे, शेवटच्या उड्डाणाची. आमच्या एका वयस्कर कॅप्टननं ती ऐकली. ते म्हणतात, माझ्या शेजारी जो बसायचा, त्याचा हा आवाज नव्हे. तुमच्या घरात आणखी कुणी वैमानिक होतं का?"

"तुम्हाला लिहिलेत तेवढेच होते," भिंगरी म्हणाली. फोन ठेवल्यावर तिनं घरातले सगळे दिवे लावले, दुपारचे दोन वाजले असूनही.

धाकट्या काकांना पत्र आलं. तिथं पुन्हा पाऊल टाकायला त्यांना कायमची बंदी झाली, आणि इथल्या चौकशीला ते दर पंधरवड्याला सरळ खांद्यांनी जात राहिले. आई आणि बाबा एका घरात राहून चिठ्ठ्या लिहून बोलू लागले. भिंगरीनं आणखी सव्वीस अर्ज केले. त्या वर्षाअखेरीला एका बेटांच्या देशात, पन्नास आसनांच्या पंखेवाल्या विमानावर, तिला जागा मिळाली. व्हिसा त्यांचा. फॉर्ममध्ये नात्यातल्या वैमानिकांबद्दल तोच प्रश्न होता, आणि तिनं तेच उत्तर दिलं होतं. त्या कंपनीला त्याचं काही वाटलं नाही. त्यांना माणसं हवी होती.

पण त्याच्या आधी, मधले काका मृत असल्याचा कोर्टाचा कागद हाती आल्यावर, काकू मृत्यूची नोंद करायला गेली. धाकटे काका साक्षीला होते, दोन पावलं मागं. खिडकीतल्या बाईनं कागद उलटेपालटे केले.

"मृत्यू तेवीस वर्षांपूर्वीचा," ती म्हणाली. "आणि नोंदीला आत्ता आलात?"

"हो."

"इथं उशिराचं कारण लिहावं लागतं. मधल्या काळात ते जिवंत आहेत असं समजत होतात का?"

काकूनं पर्स बंद केली आणि खिडकीच्या कडेवर दोन्ही हात ठेवले.

"पहिली तीन वर्षं ते नोकरीवर होते," ती म्हणाली. "नंतरची वीस मी आजारी होते. तुमच्या रकान्यात काय बसेल ते लिहा. मी सही करते."